नखावर अडलेला फोन

घरातली भांडी टेलरकाका घासतात, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. का घासतात, ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून गल्लीने आपापल्या कुवतीनुसार कारणं ठरवून टाकली होती. वरच्या मजल्यावरची बाई म्हणायची, बायकोचा धाक. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणायचा, म्हाताऱ्याने तरुणपणी काहीतरी केलं असणार, त्याची फेड चाललीये. टेलरकाका दोन्ही ऐकायचे आणि नळ थोडा मोठा सोडायचे.

खरं कारण त्यांच्या बायकोच्या उजव्या अंगठ्यावर होतं. तिथे एक नख होतं. नखं काय, सगळ्यांनाच असतात. पण या नखाला भांडी घासायची, डबे उघडायची, लसूण सोलायची आणि गाठी सोडवायची सक्त मनाई होती. मनाई खुद्द टेलरकाकांनी घातली होती, कारण बायको ऐकायची नाही.

गावाबाहेरच्या मोबाइलच्या कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. पट्ट्याच्या एका टोकाला फोनचे सुटे भाग चढायचे, दुसऱ्या टोकाला अख्खा फोन उतरायचा, आणि त्या दुसऱ्या टोकाला मावशीचं टेबल होतं. फोन हातात घ्यायचा, मागची काच आणि धातूची कड जिथे मिळते त्या सांध्यावरून अंगठ्याचं नख एकदा गोल फिरवायचं. नख सुरळीत सरकलं तर हिरवं स्टिकर. कुठे अडलं तर लाल ट्रे. बस, एवढंच काम. ऐकणाऱ्याला वाटावं यात काय आहे. आणि ऐकणाऱ्याने करून बघितलं की तिसऱ्या फोनला सगळे फोन सारखेच वाटायला लागायचे.

त्याआधी एकोणीस वर्षं मावशी बाटल्यांच्या कारखान्यात होती. बाटलीच्या तोंडाला टवका आहे का, ते नखाने बघायची. तिथून निघताना लोकांनी तिला एक सुंदर निळी बाटली भेट दिली. मावशीने घरी आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी बाटलीच्या तोंडावरून नख फिरवलं. टवका होता. बाटली अजून कपाटावर आहे, पण तिच्याकडे बघताना मावशीच्या कपाळावर एक आठी पडते ती पडतेच.

मोबाइलच्या कारखान्यात नखं वाढवायला बंदी होती. मावशीकडे मात्र प्लास्टिकमध्ये बंद केलेलं परवानगीपत्र होतं: ‘उजव्या हाताचा अंगठा, नख अडीच मिलिमीटरपर्यंत’. हातमोजाही सक्तीचा, म्हणून टेलरकाका दर महिन्याला तिच्या सहा उजव्या हातमोज्यांचे अंगठे कापून त्यांना बारीक दुमड घालून शिलाई मारून द्यायचे. इतकी देखणी शिलाई की नव्या बायका विचारायच्या, “मावशी, हा कुठल्या कंपनीचा?”

“घरच्या,” मावशी म्हणायची.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात तो नवा फोन बाजारात आला.

फोनची जाहिरात रस्त्यारस्त्यावर लागली. पहिल्या दिवशी लोक दुकानाबाहेर रांगा लावून उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात फोनच नव्हता. दुकानदार म्हणत, वरून माल येत नाही. वरचे म्हणत, कारखान्यातून येत नाही. पेपरात आलं, ‘काही तांत्रिक अडचण’. ती तांत्रिक अडचण रोज सकाळी सातला डबा घेऊन कारखान्याच्या बसमध्ये खिडकीपाशी बसायची.

कारण नख अडत होतं. रोजच्या हजारेक फोनांतले तीनशे लाल ट्रेमध्ये जात होते. जागा प्रत्येक वेळी तीच: आवाज कमीजास्त करायच्या बटणाखाली, बोटभर पट्टीत. डोळ्याला काही दिसायचं नाही. नख तिथे आलं की अगदी बारीक ठेच लागायची.

लाइनचे इंजिनियर चष्मेवाले साहेब होते. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांचा जीव यंत्रावर होता. मावशीच्या टेबलाआधी त्यांनी एक कॅमेऱ्याचं यंत्र बसवून घेतलं होतं. फोन आत गेला की स्क्रीनवर त्याच्या कडेने आठ ठिपके उमटायचे, आठही हिरवे झाले की फोन पास. मावशीने नापास केलेले फोन साहेब स्वतः नेऊन यंत्रात घालायचे. आठ हिरवे. पुन्हा घालायचे. पुन्हा आठ हिरवे.

“मावशी, यंत्राला काही सापडत नाही हो.”

“साहेब, इथे. बटणाच्या खाली. बोट लावून बघा.”

साहेब बोट लावायचे. साहेबांची नखं नियमाप्रमाणे कापलेली. “काही लागत नाही.”

“कसं लागेल?”

यंत्र पास म्हणतं आणि मावशी नापास, अशा फोनांचं काय करायचं हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं. म्हणून ते एका जाळीच्या खोलीत ठेवायला सुरुवात झाली. खोली भरली. शेजारची खोली रिकामी करून तिलाही जाळी बसवली. आणि मजा अशी की मावशीच्या टेबलाचा नियम फक्त दिवसपाळीचा. रात्रपाळीला मावशी नव्हती, म्हणून रात्रीचे फोन यंत्र एकटंच बघायचं आणि ते थेट बाजारात जायचे. रात्री हाच सांधा आपोआप मिटतो का, असं मावशीने एकदा विचारलं होतं. साहेबांनी चष्मा पुसला.

आता या सगळ्यात जावई आला नसता तर गोष्ट कारखान्यातच राहिली असती.

मावशीचा जावई गाडी शिकवायच्या शाळेत शिक्षक. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, हा त्याचा धंदा. त्यामुळे घरीसुद्धा मनाविरुद्ध काही झालं की त्याचा उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबला जायचा. त्याने तो फोन पहिल्याच दिवशी नोंदवला होता, आणि तेव्हापासून रोज सकाळी दुकानदाराला विचारायचा. महिना झाला, तेव्हा सासुरवाडीच्या खुर्चीत बसून त्याने मन मोकळं केलं.

“आई, तुमच्याच कारखान्यात बनतो ना हो तो?”

“बनतो,” मावशी म्हणाली.

“मग काय चाललंय काय तिथे? मी सांगतो काय चाललंय. कुणीतरी एक मठ्ठ माणूस बसलाय आत. चांगले फोन उचलतो आणि बाजूला टाकतो. असतो ना, एखादा माणूस असतो असा प्रत्येक ठिकाणी.” जावयाचा पाय जमिनीवर दाबला गेला. “त्याला गाडीत बसवा माझ्या शेजारी. सुतासारखा सरळ करतो.”

टेलरकाकांना ठसका लागला. मावशीने जावयापुढे चहा ठेवला. कप ठेवताना अंगठा जरा वर उचललेला होता.

“साखर बघा, जावईबापू,” एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. पण ‘मठ्ठ’ शब्द एकदा खोलीत येऊन बसल्यावर ‘तो मीच’ म्हणणं काही सोपं नसतं. शिवाय कारखान्यातलं बाहेर बोलायचं नाही, असा नियम होता. मावशीने त्या नियमाचा आडोसा घेतला. लेकीला एवढंच ठाऊक होतं की आई तिथे ‘चेकिंगला’ आहे.

बाजारातली ओरड वाढत गेली, तशी मुख्य कार्यालयातून चिठ्ठी आली. शुक्रवारी तिकडच्या मोठ्या बाई येणार. वीस फोन मांडणार. आधी यंत्र बघणार, मग मावशी, मग तेच फोन कापून खरं काय ते मोजणार. मावशी चुकली तर टेबल त्याच दिवशी उचलायचं, दोन्ही खोल्यांतले फोन बाजारात सोडायचे आणि मावशीला पॅकिंगला पाठवायचं.

पॅकिंगला पगार तेवढाच होता. पण तिथे खोकं दुमडायचं आणि पुढे सारायचं. बरं की वाईट, हे विचारायला तिथे कुणी येत नाही. मावशीला लिहायला-वाचायला बेताचं यायचं. तिचं म्हणणं जगात कुणी ऐकत असेल तर ते एक लाल ट्रे आणि एक हिरव्या स्टिकरांचं बंडल. एकोणीस वर्षं बाटल्या आणि सात वर्षं फोन, एवढ्या वर्षांचं म्हणणं शुक्रवारी वीस फोनांवर ठरणार होतं.

टेलरकाकांनी घरात आणीबाणी जाहीर केली. मावशीने कडी लावायची नाही, पिशवी उचलायची नाही, केसांना पिन लावायची नाही. वेणी त्यांनी स्वतः घातली. शिंप्याचा हात असल्यामुळे वेणी घट्ट झाली आणि मावशीच्या भुवया दिवसभर वर ओढलेल्या राहिल्या.

गुरुवारी संध्याकाळी पाचला लेक आणि जावई दारात उभे. जावयाचा चेहरा असा, की मावशीला क्षणभर वाटलं आपण आजी होणार.

“मिळाला!” जावई म्हणाला. “बावन्न दिवसांनी मिळाला!”

त्याने टेबल पुसून घेतलं. खोकं ठेवलं. झाकण उचललं. फोन बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी मावशीपुढे धरला.

“आई, आधी तुम्ही घ्या. तुमच्या कारखान्याचा आहे.”

मावशीने फक्त बघायचं ठरवलं होतं, हे ती आजही शपथेवर सांगते. पण हात तिचं ऐकत बसला नाही. फोन हातात आला आणि अंगठा निघाला. वरची कड, ठीक. कोपरा, ठीक. घरचा फोन, म्हणून तिने जरा जास्तच मन लावून दाबलं. आपलं चुकलेलं निघू दे, या जावयाचा तरी चांगला निघू दे, असंही तिच्या मनात आलं. अंगठा बटणाखाली आला.

टक्.

आवाज एवढासाच. टेलरकाका आतून चहाचा ट्रे घेऊन येत होते, ते जागीच थांबले. आयुष्यभर सुई मोडल्याचा आवाज ऐकलेला माणूस, त्याला काय झालं ते सांगावं लागलं नाही.

“गेलं?” त्यांनी विचारलं.

“गेलं,” मावशी म्हणाली.

“काय गेलं? ओरखडा गेला का? काचेवर?” जावयाने फोन झडप घालून घेतला आणि उजेडाला धरला. काचेवर काही नव्हतं. कडेला, बटणाखाली, चंद्रकोरीसारखा एक पांढरा तुकडा सांध्यात घट्ट रुतून बसला होता. “हे काय आहे?”

“माझं नख.”

“ते इथे काय करतंय?”

मावशी खुर्चीवर बसली. अंगठ्याकडे पाहिलं, नख मांसापर्यंत तुटलं होतं. उद्याची परीक्षा घरातच, चहाच्या टेबलावर, नापास झाली होती. मग तिने जावयाच्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि हळूहळू तिच्या ओढलेल्या भुवया आणखी वर गेल्या. जे दीड महिना नुसतं नखाला कळत होतं, ते पहिल्यांदाच डोळ्यांना दिसत होतं.

“जावईबापू,” ती म्हणाली, “हा फोन मला उद्या लागेल.”

“उद्या? आई, माझं कार्डसुद्धा टाकून झालं नाही अजून!”

“आणि तुम्हाला एक सांगायचंय. तो माणूस आहे ना, तुम्ही म्हणाला होता तो. चांगले फोन बाजूला टाकतो म्हणून.”

“तो मठ्ठ?”

“तो.”

“त्याचं काय?”

“ती मी.”

जावयाचा पाय जमिनीवर इतका जोरात दाबला गेला की खुर्ची मागे सरकली. लेक आधी आईकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिली आणि मग जी हसत सुटली ती थांबेचना. “सुतासारखं सरळ करणार होतात ना?” ती मध्येच म्हणाली. “करा की.”

“तू गप गं,” जावई पुटपुटला. कानाच्या पाळ्या लाल. “आई, मला काय माहीत... म्हणजे मी आपलं सहज...”

“बरोबरच बोललात. बाजूला टाकतेच मी.” मावशी शांत होती. “आता ऐका. फोन ठेवायचा तर ठेवा, तुमचाच आहे. दोन महिन्यांत या फटीतून धूळ जाईल. फोटोवर डाग यायला लागतील. दुकानात गेलात तर तो म्हणेल, साहेब, तुम्ही पाण्यात पाडला असणार. तेव्हा माझ्याकडे येऊ नका, एवढंच.”

जावयाने फोनकडे पाहिलं. ताज्या फोनचा ताजा वास येत होता. बावन्न दिवस सहज विसरता येत नाहीत.

“मी हातातून सोडणार नाही,” शेवटी तो म्हणाला. “मीच घेऊन येतो.”

शुक्रवारी सकाळी मावशी पहिल्यांदाच कारखान्याच्या बसने गेली नाही. ती गेली गाडी शिकवायच्या शाळेच्या गाडीतून, डोक्यावर लाल पाटी असलेल्या. वाटेत सगळ्या गाड्या त्यांच्यापासून लांब राहिल्या. फाटकावर वॉचमनने विचारलं, “मावशी, या वयात?”

“गाडी उघड,” मावशी म्हणाली, आणि मग सुधारून घेतलं, “फाटक.” एवढा एकच घोटाळा तिने त्या दिवशी केला, बाकी ती दगडासारखी होती.

जावयाला पांढरा अ‍ॅप्रन आणि फुगीर टोपी घालून आत सोडलं. फोन त्याने छातीशी धरला होता. खोलीत मोठ्या बाई, चष्मेवाले साहेब आणि हिरव्या रबरावर मांडलेले वीस फोन. मोठ्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मावशीला नुसती मान लववून खुर्ची दाखवली.

मावशी उभीच राहिली. हातमोज्यातून बाहेर आलेला अंगठा तिने सगळ्यांना दाखवला.

“माझं नख तुटलं. आज मला काही सांगता येणार नाही.”

साहेबांनी सोडलेला श्वास खोलीभर ऐकू आला. “हरकत नाही मावशी, असं होतं. मॅडम, मग आपण यंत्राचंच धरूया?”

“यंत्राचंच धरा,” मावशी म्हणाली. “पण आधी त्यात हा फोन घाला. रात्रपाळीचा आहे. दुकानातून आलाय.”

जावयाकडून फोन काढून घ्यायला तिला दोनदा ओढावा लागला. साहेबांनी तो यंत्रात घातला. स्क्रीनवर ठिपके उमटले. एक, दोन, तीन... आठ. आठही हिरवे.

“बघा!” जावई आनंदाने ओरडला. तो कुणाच्या बाजूने आलाय, हे क्षणभर त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

“पास,” साहेब म्हणाले.

“आता बाई, तुम्ही हातात घेऊन बघा,” मावशी म्हणाली. “बटणाखाली.”

मोठ्या बाईंनी भिंग मागवलं. बराच वेळ पाहिलं. “हे काय अडकलंय?”

“माझं नख आहे.”

“यात?”

“काल संध्याकाळी अडकलं. ओढून बघा, निघत नाही.”

बाईंनी चिमट्याने ओढून पाहिलं. खरंच निघालं नाही. मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, तिथे आठ हिरवे ठिपके तसेच हसऱ्या चेहऱ्याने उभे होते.

“यंत्राला नख दिसलं नाही?”

“यंत्र आठ जागी बघतं, मॅडम,” साहेब म्हणाले. “ही जागा पाचव्या आणि सहाव्या ठिपक्याच्या मध्ये येते.”

“मधल्या जागा कोण बघतं?”

साहेबांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल काढायला गेले. अ‍ॅप्रनच्या आत हात जाईना. शेवटी त्यांनी बिनचष्म्याच्या डोळ्यांनी मावशीकडे पाहिलं आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “मावशी बघतात.”

वीस फोन नंतर कापले, पण तो नुसता उपचार होता. काच दाबून बसवणाऱ्या यंत्राची रबरी गादी एका बाजूला झिजलेली सापडली. बरोबर बटणाच्या खाली, बोटभर. लाइन बंद झाली. रात्रपाळीचे फोन दुकानांतून परत मागवले. पेपरात पुन्हा ‘तांत्रिक अडचण’ आली, या वेळी मोठ्या अक्षरांत.

जावयाचा फोन मात्र पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गेला. नखासकट. निघताना मोठ्या बाईंना त्याची दया आली असावी.

“तुमचा फोन आम्हाला ठेवावा लागेल. रांगेत पुन्हा लागलात तर बरेच दिवस जातील. त्या जाळीच्या खोलीतला एक आत्ता देऊ का? दिसायला सगळे चांगलेच आहेत.”

जाळीच्या आत फोनांचे ढीग होते. जावयाने ढिगांकडे पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. मावशीने मान हलवली, एवढीशी, आडवी.

जावयाचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला.

“नको,” तो म्हणाला. “थांबतो.”

नवी गादी आठवड्यात आली. यंत्राला चाळीस ठिपके बसवले. पण मोठ्या बाईंचा हुकूम होता की पहिला माल, दिवसाचा असो की रात्रीचा, मावशीच्या टेबलावरून गेल्याशिवाय फाटकाबाहेर जायचा नाही. आणि मावशीचं टेबल नखाशिवाय चालत नव्हतं. ऑफिसच्या फळ्यावर जिथे रोजचा उत्पादनाचा आकडा लिहायचे, तिथे साहेब आता दर सोमवारी मावशीचा अंगठा पट्टीने मोजून लिहायला लागले: ‘०.५’. पुढच्या सोमवारी ‘१.३’. देशभरातले दुकानदार माल कधी येणार म्हणून फोन करत होते, आणि पलीकडून त्यांना सांगितलं जात होतं की वाढ समाधानकारक आहे.

जावई आता दुकानदाराला विचारत नाही. सकाळी थेट सासूला विचारतो, “आई, किती झालं?”

रविवारी तो आला, तेव्हा जेवणं झाल्यावर टेलरकाका नेहमीप्रमाणे बाही दुमडून उठले. जावई त्यांच्या आधी मोरीपाशी पोहोचला होता.

“तुम्ही बसा बाबा,” तो म्हणाला. “आणि आई, तो डबा ठेवा खाली. ठेवा म्हणतो ना! मी उघडतो.”

वरच्या मजल्यावरच्या बाईने खिडकीतून पाहिलं. सासरा खुर्चीत, सासू खुर्चीत, आणि जावई कढई घासतोय. तिने लगेच आत जाऊन नवऱ्याला सांगितलं, “काय धाक आहे हो त्या बाईचा!”